तापलेले चाक

मनुष्य आपल्या वाहनाची परीक्षा बहुधा एकाच प्रश्नाने करीत असतो. ते चालते की नाही, एवढेच तो पाहतो. थोडा अधिक विचारी असेल, तर ते थांबते की नाही, हेही पाहतो. परंतु थांबविण्यासाठी लावलेला ब्रेक पाय उचलल्यावर खरोखरच सुटतो की नाही, हा तिसरा प्रश्न विचारणारे लोक विरळाच. आमच्यापुरते बोलावयाचे, तर वयाची चौसष्ट वर्षे उलटेपर्यंत हा प्रश्न आमच्या मनास शिवलाही नव्हता. तो शिवला कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, आणि अशा रीतीने शिवला की त्याचा चटका अद्याप गेलेला नाही.

गोष्ट गेल्या मार्गशीर्षातील आहे. गुहागरचा व्याडेश्वर हे आमचे कुलदैवत. मातोश्रींस आता अठ्ठ्याऐंशीवे वर्ष लागले आहे. “एकदा देवापुढे डोकं टेकवून येऊ दे, मग माझं काही मागणं नाही,” असे त्या दोन वर्षे म्हणत होत्या. आणि प्रत्येक वेळी कोणाची परीक्षा, कोणाची रजा, तर कोणाचे गुडघे आडवे येत होते. अखेरीस योग आला. गाडी घरचीच, अकरा वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या बंधूंनी मोठ्या हौसेने घेतलेली, सात माणसांची. बंधू आता नाहीत. त्यांच्या पश्चात घराचे कर्तेपण आमच्याकडे आले, आणि त्याबरोबर गाडीच्या खर्चाची वहीही आली. गाडी चालवितो तो बंधूंचा मुलगा, आमचा पुतण्या. वही लिहितो ते आम्ही. स्टिअरिंग त्याच्या हाती असले, तरी शेजारच्या आसनावर बसून ते कसे फिरवावे हे सांगण्याचा अधिकार आमचाच, अशी आमची समजूत होती. एकत्र कुटुंबातील वाचकांस याबद्दल निराळे सांगावयास नको.

पहाटे पुण्याहून निघालो. साताऱ्याजवळ डिझेल भरले, तेव्हा पुतण्या म्हणाला, “काका, या महिन्यात गाडी जरा जास्तच डिझेल खातेय.” आम्ही म्हणालो, “माणसं किती बसलीत ते बघ की.” उंब्रजला महामार्ग सोडला, पाटण मागे टाकले आणि कोयनानगरला मातोश्रींस थोडे पाय मोकळे करू दिले. तेथे तो पुन्हा म्हणाला, “गाडी डावीकडे ओढतेय असं वाटतं.” आम्ही म्हणालो, “रस्त्यालाच तिकडे उतार आहे.” दोन्ही उत्तरे आम्ही तत्काळ दिली होती. गाडीत आम्हांस ज्या प्रश्नांची उत्तरे तत्काळ सुचतात, ती बहुधा विचार न करता दिलेली असतात, हे आता ध्यानात येते.

हेळवाक सोडले आणि घाट सुरू झाला. अर्धा घाट उतरलो असू नसू, तोच मागच्या आसनावरून मातोश्रींचा आवाज आला, “अरे, काही करपतंय का?” काचा खाली केल्या. पुढे एक मालमोटार रखडत उतरत होती, तिच्याकडे बोट दाखवून आम्ही म्हणालो, “त्या ट्रकचा ब्रेक तापलाय, आई.” मातोश्रींनी क्षणभर हुंगले आणि म्हणाल्या, “नाही रे. कुकरची रिंग जळावी तसा वास आहे, आणि तो आपल्याच बुडाखालून येतोय.” पुतण्याने गाडी बाजूस घेण्यासाठी वेग कमी केला. आम्ही हाताने त्यास पुढे जाण्याची खूण केली. घाटात थांबणे धोक्याचे, पायथ्याशी पाहू, असा आमचा विचार. थांबण्याजोगी मोकळी जागा पुढच्याच वळणावर होती, हे आम्ही पाहिले होते, आणि तरीही खूण केली होती.

घाट संपून पोफळीच्या बाजूस रस्ता सपाट होतो, तेथे एका चहाच्या टपरीपाशी गाडी उभी केली. पुढच्या डाव्या चाकातून निळसर धुराची बारीक रेघ निघत होती. ती पाहताच आमच्या तोंडून जे शब्द गेले, ते येथे लिहिताना संकोच वाटतो. “ब्रेकवर पाय ठेवून अख्खा घाट उतरलास! तुझ्या वडिलांनी जन्मात कधी अशी गाडी चालवली नाही.” पुतण्या पस्तिशीचा, एका मुलीचा बाप. त्याची पत्नी शेजारी उभी. सहा वर्षांची नात आईचा पदर धरून बापाच्या तोंडाकडे पाहते आहे. तो एक अक्षर बोलला नाही.

आम्ही टपरीवरच्या मुलास पाण्याची बादली आणावयास सांगितले. तेव्हा मात्र तो पुढे झाला आणि म्हणाला, “काका, पाणी नको.” त्याचे म्हणणे बरोबर होते. ब्रेकची डिस्क बिडाची असते. ती लालबुंद होण्याच्या बेतात असताना एका अंगावर थंड पाणी पडले, तर तेवढाच भाग झटकन आकसतो, बाकीचा आकसत नाही, आणि डिस्क वाकते किंवा तिला तडा जातो. तापलेले चाक वाऱ्यावरच निवू द्यावे. हँडब्रेकही ओढू नये. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावावा. हे सर्व त्याने निमूटपणे केले.

इतक्यात गाडीतून मातोश्रींनी विचारले, “चारही चाकं तापलीत का?”

प्रश्न अगदी साधा. परंतु तो आम्हां कोणास सुचला नव्हता. पुतण्याने हात न लावता, तळहाताची मागची बाजू प्रत्येक चाकाजवळ धरून पाहिली. मागची दोन्ही चाके कोमट. पुढचे उजवे चाक चांगले गरम, पण घाट उतरल्यावर ते तेवढे असावयाचेच. पुढच्या डाव्या चाकाजवळ मात्र वीतभर अंतरावरही हात ठेववेना. मातोश्री म्हणाल्या, “चार शेगड्यांवर एकच बाई रांधते. तीन भांडी नीट शिजतात आणि एकच करपतं. मग बाईला कशाला बोलतोस? शेगडी बघ.”

वाचकांस हे सांगितले पाहिजे की, एकतीस वर्षे आम्ही शाळेत पदार्थविज्ञान शिकविले आहे. सतराव्या शतकातील फ्रेंच तत्त्ववेत्ता पास्कल याचा नियम दरसाल आम्ही फळ्यावर लिहीत असू: कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दाब दिला, तर तो सर्व दिशांस सारखाच पोहोचतो. उदाहरण म्हणून मोटारीचाच ब्रेक सांगत असू. पेडलवरील पाय मास्टर सिलिंडरातील दट्ट्या लोटतो. तेथील ब्रेक ऑइल नळ्यांतून चारही चाकांकडे दाब नेते. पुढच्या चाकांपाशी कॅलिपरमधला दट्ट्या पॅडांस डिस्कवर आवळतो. डाव्या चाकास अधिक आणि उजव्यास कमी असा दाब देण्याची सोय पायाला नाही. तेव्हा चालकाने ब्रेकवर पाय ठेवल्याने चाके तापली असती, तर पुढची दोन्ही सारखीच तापावयास हवी होती. एकटेच चाक तापले, याचाच अर्थ दोष पायाचा नव्हे, त्या चाकाचा. जो नियम आम्ही शेकडो मुलांकडून पाठ करविला, तो आम्हांस चौथी शिकलेल्या मातोश्रींनी शेगडीवरून समजावून दिला.

टपरीवाल्याने चिपळूणच्या एका मिस्त्रींस फोन केला. ते येईपर्यंत तास गेला. समोर सह्याद्रीची भिंत उभी होती, आणि आम्हांस बोलण्यासारखे काही नव्हते. तेव्हा ही एवढी उष्णता आली कोठून, याचा मनाशी हिशेब करीत बसलो. कोयनेचे अडविलेले पाणी याच डोंगरातील बोगद्यांतून खाली येते आणि पोफळीच्या भूमिगत वीजगृहातील चक्रे फिरविते. उंचीवरून खाली येणाऱ्या प्रत्येक वस्तूजवळ अशी शक्ती असतेच. आमची गाडी माणसांसह सुमारे २००० किलो धरली आणि घाटाची उंची ढोबळ मानाने ५०० मीटर धरली, तर खाली येईपर्यंत सुमारे ९८ लाख जूल एवढी शक्ती कोठेतरी खर्ची पडलीच पाहिजे. तेवढ्या उष्णतेने ३० लिटर थंड पाण्यास उकळी फुटेल. आमच्या जुन्या वाड्यातील न्हाणीघरात जो तांब्याचा बंब होता, तो याहून फार मोठा नव्हता. पाण्याच्या शक्तीची वीज होते. गाडीच्या शक्तीची नुसती ऊब होते. लहान गिअरमध्ये उतरले, तर त्यातील मोठा वाटा एंजिन आपल्या अंगावर घेते. थोडा वाऱ्यात जातो. उरलेला ब्रेकांस सोसावा लागतो. तो चार चाकांत वाटला गेला, म्हणजे निभावतो. परंतु एखादे चाक पाय उचलल्यावरही आवळलेलेच राहिले, तर इतर विसावा घेत असताना तेवढे एक मात्र अखंड तापत राहते.

मिस्त्री दुचाकीवरून आले. साठीच्या पुढचे, अंगाने बारीक, बोलणे कमी. चाक पुरते निवले होते, तरी त्यांनी प्रथम त्याला हात लावला नाही. ते पुतण्यास विचारू लागले: गाडी कोणीकडे ओढते? ब्रेक दाबताना ओढते की सोडल्यावरही ओढते? वास नेहमी येतो की घाटातच? पेडल खाली जाते का? मग त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाक हाताने फिरवून पाहिले, तेव्हा ते मोकळे फिरले. आम्ही मनात म्हणालो, झाले! रोग वैद्यासमोर लपला. परंतु मिस्त्री म्हणाले, “आता ब्रेक मारा नि सोडा.” पुतण्याने पेडल दाबून सोडले. आता तेच चाक दोन्ही हातांनी फिरवावे, तरी फिरेना. पाय उचलला होता; ब्रेक सुटला नव्हता.

यापुढे त्यांनी जे केले, ते पाहून आम्हांस एखाद्या निष्णात तार्किकाची आठवण झाली. चाक काढून कॅलिपरवरचा, हवा काढण्याचा निपल त्यांनी पान्याने किंचित सैल केला. चुळकाभर तेल जोराने बाहेर उडाले, आणि डिस्क तत्क्षणी मोकळी झाली. “म्हणजे कॅलिपर चांगला आहे. पिनाही चांगल्या आहेत. तेल आत अडकतंय,” ते म्हणाले. कॅलिपरचा दट्ट्या गंजून अडकला असता, किंवा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या सुकून बसल्या असत्या, तर तेल सोडूनही डिस्क सुटली नसती. निपल आवळून त्यांनी पुन्हा ब्रेक दाबवून सोडविला; डिस्क पुन्हा जखडली. आता त्यांनी वरचा जोड सैल केला, जेथे लोखंडी नळी संपून रबरी नळी सुरू होते तो. तेथून तेल झिरपले, परंतु डिस्क जखडलेलीच राहिली. वरचा मास्टर सिलिंडर तेल धरून ठेवीत असता, तर येथे सैल करताच ती सुटली असती. निपलपाशी सैल केले तर सुटते, नळीच्या वर सैल केले तर सुटत नाही. तेव्हा अडथळा या दोहोंच्या मध्ये, म्हणजे हातभर लांबीच्या त्या रबरी नळीतच असला पाहिजे.

नळी काढून त्यांनी ती मधोमध चिरून दाखविली. बाहेरून ती धडधाकट होती. आत मात्र रबर फुगून, त्याचा एक पापुद्रा सुटून वाटेत आडवा आला होता. पायाचा दाब फार मोठा, त्यामुळे जाताना तेल तो पापुद्रा लोटून जाई. परत येताना त्यास लोटणारे बळ कोठून यावयाचे? डिस्क ब्रेकमध्ये पॅड मागे ओढणारी ताणाची स्प्रिंग नसते. दट्ट्याभोवती रबराचे एक चौकोनी कडे असते. दाबाने ते पिळवटते आणि दाब गेल्यावर पूर्ववत होताना दट्ट्यास अंशमात्र मागे आणते. ते मागे आणणे एका मिलिमीटरचाही फार लहान अंश असते. आणि तेवढ्यावरच चाकाचे मोकळेपण अवलंबून असते. एवढेसे ते बळ वाटेतल्या पापुद्र्यापुढे हरत होते.

बंधूंची पहिली गाडी अँबॅसॅडर होती. त्या जातीच्या गाड्यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. तिच्या चारही चाकांस ड्रम ब्रेक असत, आणि ड्रमातील लायनर मागे ओढून घेणाऱ्या बळकट स्प्रिंगा त्यात असत. डिस्क ब्रेकची कल्पना जुनीच. इंग्लंडमध्ये लँचेस्टर याने १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. तेलाच्या दाबावर चालणारे चारचाकी ब्रेक अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग गाडीत १९२१ साली आले. पुढे १९५३ साली फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जग्वारने डिस्क ब्रेकांच्या बळावर मारली, तेव्हा जगाचे लक्ष त्यांकडे लागले. उघड्या वाऱ्यात असल्यामुळे डिस्क लवकर निवते, हा तिचा मोठा गुण. आपल्याकडील बहुतेक साध्या गाड्यांत आज पुढे डिस्क आणि मागे ड्रम अशी वाटणी असते.

असो. या निमित्ताने मिस्त्रींकडून जे शिकलो, ते घराघरांतील गाडीवाल्या वाचकांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगून ठेवितो. चाक तापले, तर प्रथम कोणते आणि किती तापली, हे पाहावे. पुढची दोन्ही सारखी गरम आणि मागची त्याहून कमी, हे घाटानंतरचे स्वाभाविक चित्र होय, कारण ब्रेक लावताना गाडीचा भार पुढे झुकतो. एकच चाक तापले, तर दोष त्या चाकापाशी: सुकलेल्या पिना, गंजलेला दट्ट्या, फुगलेली नळी, किंवा बेअरिंग. बेअरिंगचा संशय असेल, तर जॅकवर घेतलेले चाक वर आणि खाली धरून हलवून पाहावे. ते डुगडुगत असेल, किंवा मोकळे फिरताना घरघरत असेल, आणि उष्णता मध्यभागी, तुंब्यापाशी अधिक असेल, तर ब्रेकास बोल लावू नये. मागची दोन्ही तापली, तर हँडब्रेक अर्धवट राहिला आहे किंवा त्याची केबल आत गंजून अडकली आहे, असे समजावे. पुष्कळ लहान गाड्यांत सुरक्षिततेसाठी तेलाचे दोन मार्ग कर्णरेषेत असतात. तेथे पुढचे एका बाजूचे आणि मागचे दुसऱ्या बाजूचे अशी जोडी तापली, तर एक संपूर्ण मार्गच अडला आहे.

चारही चाके धरली, तर मात्र वर पाहावे. पेडलखाली चटई अडकून ते पुरते वर येत नसेल; पेडल आणि मास्टर सिलिंडर यांमध्ये जो थोडा मोकळा खेळ असावा लागतो, तो कोणी जुळवाजुळव करताना नाहीसा केला असेल, आणि त्यामुळे तेल परत टाकीत जाण्याचे बारीक छिद्र झाकलेलेच राहत असेल; बूस्टर पुरता सोडत नसेल; किंवा सर्वांत वाईट म्हणजे टाकीत ब्रेक ऑइलऐवजी भलतेच तेल ओतले गेले असेल. एंजिनाच्या तेलाने ब्रेकमधील सर्व रबर फुगते, आणि मग एक नळी बदलून भागत नाही. झाडून सारे रबर बदलावे लागते.

मिस्त्रींनी पॅड बाहेर काढले. ते काचेसारखे तुळतुळीत झाले होते, आणि डिस्कवर निळ्या छटेचे डाग पडले होते. त्यांनी एका मुलास चिपळूणला सामानासाठी पिटाळले: दोन रबरी नळ्या, पॅडांचा संच आणि ब्रेक ऑइल. “दोन कशाला? एकच खराब झालीये ना?” आम्ही विचारले. हिशेबाची वही मनुष्याच्या अंगात मुरते, ती अशी. मिस्त्री शांतपणे म्हणाले, “दोन्ही एकाच वयाच्या हायत, काका.” मग त्यांनी टाकीचे झाकण काढून तेल पाहिले. ते चहाच्या फक्कडासारखे काळसर झाले होते. त्यांनी विचारले, “हे कधी बदलललं? आणि नळ्या?”

क्षणभर कोणी बोलले नाही. पुतण्या पान्यांच्या पिशवीत काहीतरी शोधू लागला.

वाचकहो, ते तेल आणि त्या नळ्या आमच्या ‘नको’मुळे राहिल्या होत्या. दिवाळीपूर्वी गाडी दुरुस्तीस दिली असता तेथील माणसाने दोन्ही बदलण्याविषयी सांगितले होते, आणि पुतण्याने तसा कागद आमच्यासमोर आणून ठेविला होता. आम्ही वहीतून मान वर न करता म्हणालो होतो, “गाडी थांबते ना? मग कशाला?” त्याने कागद घडी करून खिशात ठेविला. त्या दिवसाविषयी घाटात, धुरासमोर, बायकामुलीदेखत बोल ऐकूनही तो बोलला नव्हता; आणि आता मिस्त्री सरळ विचारीत असतानाही बोलत नव्हता. आम्हांस वाटते, तो तसाच गप्प राहिला असता, तर आमची लाज आमच्यापाशीच राहिली असती. परंतु मातोश्रींची दृष्टी आमच्यावर होती, आणि नातीचीही.

आम्ही म्हणालो, “नाही बदललं. यानं दिवाळीत सांगितलं होतं. मीच नको म्हटलं.” आणि मग पुतण्याकडे वळून, “तुला बोललो ते चुकलं रे माझं.”

तो म्हणाला, “काका, चहा सांगू का अजून एक?”

एवढ्यावर ते संपले. आपल्या घरांत क्षमा मागण्याची रीत फारशी नाही, विशेषतः वडीलधाऱ्याने. आणि ती मिळाल्याची पावतीही अशीच, एखाद्या कप चहाने मिळते.

त्या ‘नको’ची खरी किंमत मिस्त्रींनी पुढे सांगितली, आणि ती ऐकून हातातला कप खाली ठेवावा लागला. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेत असते. बाटलीवर डॉट ३, डॉट ४ असे आकडे असतात. नव्या डॉट ४ तेलास उकळी फुटण्यास निदान २३० अंश सेल्सियस उष्णता लागते. त्यात शेकडा पावणेचार भाग पाणी मुरले, म्हणजे ती मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. डॉट ३ चे हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी हे तेल बदलावे, असे सांगतात. तापलेल्या चाकाजवळ तेल उकळले, की नळीत वाफ होते. तेल दबत नाही, म्हणून ते दाब पोहोचविते. वाफ मात्र दबते. मग पेडल दाबावे, तर ते मऊ लागून थेट तळास जाते आणि गाडी उतारावर तशीच धावत राहते. म्हणजे जो ब्रेक सुटत नव्हता, तोच आणखी दोन वळणांनंतर लागतही नव्हता, असे झाले असते. ज्या वळणावर पुतण्या थांबू पाहत होता आणि आम्ही हाताने पुढे जाण्याची खूण केली, त्या वळणापासून पायथ्यापर्यंतचा रस्ता आमच्या डोळ्यांसमोरून आता अनेकदा जातो. मागच्या आसनावर मातोश्री होत्या आणि त्यांच्या मांडीवर नात झोपली होती.

सामान आले. नळ्या बसल्या, पॅड बसले, जुने तेल काढून नवे भरावयाचे उरले. त्यासाठी एकाने पेडल दाबावे लागते आणि दुसऱ्याने निपल उघडून मिटावा लागतो. पुतण्या मिस्त्रींच्या हाताखाली चाकापाशी बसला होता. तेव्हा पेडलचे काम आमच्याकडे आले. कित्येक वर्षांनी आम्ही चालकाच्या आसनावर बसलो. चाकापासून पुतण्याचा आवाज येई, “दाबा, काका... धरून ठेवा... हं, सोडा.” आम्ही दाबीत होतो, धरून ठेवीत होतो, सोडीत होतो. एकदा आम्ही त्याच्या सांगण्यापूर्वीच पाय उचलला. निपल उघडा असताना पेडल सोडले, तर हवा आत ओढली जाते. सबब ते सारे पुन्हा करावे लागले. त्यानंतर आम्ही त्याच्या शब्दाची वाट पाहिली. निपलास लावलेल्या पारदर्शक नळीतून प्रथम काळे तेल आले, मग बुडबुडे, आणि अखेरीस स्वच्छ, फिक्या मधासारखे तेल आले, तेव्हा तो म्हणाला, “बास.”

गुहागरला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. वाटेत दोनदा थांबून पुतण्याने चाकांजवळ हात धरून पाहिला. दोन्ही सारखी होती. व्याडेश्वरासमोर मातोश्री बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्यावर आम्ही विचारले, “काय मागितलंस, आई?” त्या म्हणाल्या, “मागायचं काय? नीट आणलंस म्हणून सांगितलं.” ‘आणलंस’ हे आम्हांस उद्देशून होते की देवास, हे आम्ही विचारले नाही. आणले कोणी, हे आम्हांस ठाऊक होते.

घरी आल्यापासून आम्ही एक नियम केला आहे. महिन्यातून एकदा, सपाट रस्त्यावर, गाडी सावकाश चालवून न्यूट्रलमध्ये टाकावी आणि ब्रेक न लावता ती कशी थांबते ते पाहावे. रेंगाळत थांबली, तर ठीक; कोणी मागून ओढल्यासारखी थांबली, तर कोठेतरी ब्रेक धरतो आहे. मग खाली उतरून चारही चाकांजवळ तळहाताची मागची बाजू धरावी आणि डाव्याउजव्याची तुलना करावी. एखाद्या चाकावर काळी भुकटी इतरांहून अधिक जमत असेल, तर तेही पाहावे. यास पैसा लागत नाही. पाच मिनिटे लागतात. ही पाहणी आता नात करते. तिला त्यात मोठी मौज वाटते, आणि “आजोबा, चारही सारखी!” असे ती ओरडून सांगते.

गाडीच्या खर्चाची वही आम्ही संक्रांतीस पुतण्याच्या हाती दिली. काय बदलावयाचे, केव्हा बदलावयाचे आणि किती खर्च करावयाचा, हे आता तो ठरवितो. देताना वही हातातून सुटावयास थोडा वेळ लागला, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु सुटली.